देवळात न बसलेले दोन तास

ज्या दिवशी मामांच्या छातीला यंत्र लावलं होतं, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी शेतात पोपटी लावली. आणि यंत्राबरोबर दिलेल्या कागदावर मी माझ्या हाताने लिहिलं, ‘सहा ते आठ, देवळात बसले होते.’ आज सांगताना मला हसू आवरत नाही. पण त्या एका ओळीने आम्हाला जे नाचवलं ना, ते मी जन्मात विसरायची नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. वय त्र्याहत्तर, अंगाने काटक, कानाने जरा कमी, पण तेही सोयीप्रमाणे. जन्मभर भातशेती केली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर शेत शेजाऱ्याला कसायला दिलं, आणि तेव्हापासून पडवीतल्या झोपाळ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देतात. सल्ला कोणी घेत नाही. आमचं गाव रेवदंड्याहून रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं आत. आता निम्मी घरं मुंबईकरांनी घेतलीत, आणि उरलेल्या घरांतली माणसं कोणी ट्रेलरवर, कोणी कंपनीत. माझा नवराही बंदरातून कंटेनर ओढतो आणि आठवड्यातून एकदा घरी उगवतो. भात कधी पेरावं हे मामांना विचारायला येणार कोण?

पण मार्गशीर्ष लागला, वालाच्या शेंगा भरल्या, की मामांचे दिवस येतात. पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि त्यांची मला कीवही येते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. हा पाला आमच्याकडे बांधावर कुठेही उगवतो आणि त्याला ओव्याच्या जवळ जाणारा वास असतो. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, आणि केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. मडक्याच्या तोंडात पुन्हा पाला ठासायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि चहूबाजूंनी पेंढा, पालापाचोळा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. जाळ लवकर काढला तर कच्ची, उशिरा काढला तर करपली, आणि मध्येच उघडून बघायची सोय नाही.

जाळ कधी काढायचा हे ज्याला कळतं, तो पोपटी लावणारा. बाकीचे लोक मडक्यावर पाणी शिंपडतात, थेंब चटकन उडून गेला की झाली म्हणतात. मामांच्या मते ते आंधळ्याचं काम. मामा वासावर जातात. धुरात वाकायचं, डोळे मिटायचे, नाक पुढे करायचं आणि एक लांब श्वास ओढायचा. मग मान हलवून सांगायचं, अजून न्हाय. थोड्या वेळाने पुन्हा वाकायचं. त्यांच्या हातची पोपटी मी इतक्या वर्षांत कधी बिघडलेली पाहिली नाही. थंडीच्या तीन महिन्यांत रोह्यापासून, अलिबागपासून लोकांचे फोन यायचे, मामा आहेत ना मोकळे, आमच्या शेतावर या. नऊ महिने झोपाळ्यावरचा म्हातारा, तीन महिने गावाचा राजा. ते त्या तीन महिन्यांच्या जोरावर बाकीचे नऊ काढत असत, हे घरात मला ठाऊक होतं. आम्ही दोघं हे कधी बोललो नाही.

माझ्याबद्दलही सांगून टाकते. मी घरी ब्लाउज शिवते आणि मी तापट आहे. नाकावर राग असतो माझ्या. गिऱ्हाइकंसुद्धा माप द्यायला येताना आधी खिडकीतून माझा चेहरा बघून घेतात. मामांवर मी दिवसातून दोनदा तरी ओरडते, आणि ते दोन्ही वेळा ऐकू आलं नाही असं दाखवतात. असं आमचं बरं चाललं होतं.

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला ते पडवीत शेंगा निवडत बसले होते. एकाएकी हातातली शेंग तशीच राहिली आणि त्यांनी छातीवर पंजा दाबून धरला. मी मशीन सोडून धावले. म्हणाले, काही नाही, छातीत चिमणी फडफडते अधनंमधनं. अधनंमधनं म्हणजे केव्हापासून, तर गेल्या शिमग्यापासून. माझं डोकंच फिरलं. आठ-नऊ महिने हा माणूस छातीत चिमणी घेऊन फिरतोय आणि घरात कोणाला पत्ता नाही! दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली आणि त्यांना अलिबागला घेऊन गेले.

तिथली डॉक्टरीण तरुण, आमच्या मुलीच्या वयाची. तिने छातीचा आलेख काढला, तर त्यात काहीच वावगं नाही. तिने सांगितलं की कधीकधी हृदय आपण बघत नसताना खोड्या करतं, तेव्हा एक दिवस आणि एक रात्र त्याच्यावर पाळत ठेवू. मामांच्या छातीवरचे केस जागोजागी भादरले, चिकट चकत्या लावल्या, त्यांच्या वायरी एका छोट्या डबीला जोडल्या आणि डबी गळ्यात अडकवली. वर एक कागद दिला. किती वाजता काय करत होतात ते लिहायचं, आणि फडफड झाली की डबीवरचं बटण दाबायचं. निघताना ती म्हणाली, ‘आजोबा, रोजच्यासारखं वागा. यंत्र आहे म्हणून झोपून राहू नका.’

मामांना एरवी दहा वेळा सांगितलेलं ऐकू येत नाही. हे एका झटक्यात ऐकू आलं.

कारण त्याच संध्याकाळी आमच्या आळीची पोपटी ठरली होती. मी घरी येताच बजावलं की आज शेतात पाऊल टाकायचं नाही. त्यावर मामांनी डॉक्टरणीचं वाक्य माझ्या तोंडावर मारलं. रोजच्यासारखं वागायचं आणि थंडीत आम्ही रोज काय करतो? पोपटी. मी म्हटलं, रोज कुठे, आठवड्यातून दोनदा. म्हणे, आजचा वार त्यातलाच. मी आदळआपट केली, भांडी वाजवली. काही उपयोग झाला नाही. पाच वाजता सदऱ्याखाली वायरी लपवून, गळ्यातल्या डबीवर मफलर गुंडाळून स्वारी निघाली. मी तणतणत मागोमाग.

त्या दिवशी पेंढा थोडा ओला होता. धूर असा निघाला की पलीकडच्या माणसाचं तोंड दिसेना. वारा पडलेला, त्यामुळे धूर वर जायचं नाव घेईना, मडक्याभोवतीच घुटमळत राहिला. सगळे खोकत लांब झाले आणि मामा एकटे आत. वाकले, श्वास ओढला, मान हलवली. पुन्हा वाकले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते बाहेर आले आणि बांधावर टेकले. मी धावत त्यांच्याजवळ गेले. हात छातीवर होता. मी म्हटलं, बटण दाबा. त्यांनी मफलर आणखी घट्ट केला. मी बटणाकडे हात नेला तर हात बाजूला सारला. थोड्या वेळाने उठले, अजून एकदा वास घेतला आणि जाळ काढायला सांगितला. पोपटी अप्रतिम झाली होती. मी रागाने दोन शेंगांवर उठले, आणि मग वाईट वाटून आणखी चार खाल्ल्या.

घरी आल्यावर कागद पुढे घेऊन बसले. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, चष्मा त्यांना सापडत नाही, म्हणून लिहायचं काम माझं. दुपारचं लिहिलं, जेवण, झोप, चहा. सहा ते आठ आलं. मामा म्हणाले, लिही, देवळात बसलो होतो. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. मग ते जे म्हणाले ते मी तसंच्या तसं सांगते, कारण एरवी न झुकणारा तो माणूस मान खाली घालून बोलला.

‘बाय, खरं लिहिलंस तर माझी पोपटी गेली. मग माझ्याकडं कोण कशाला येईल?’

मी लिहिलं. मला लिहायला नको होतं, पण लिहिलं. त्यांच्या पोपटीपायी मी त्यांच्या जिवाशी खेळले, असं आता म्हणता येईल. तेव्हा मला फक्त त्यांची खाली गेलेली मान दिसत होती.

दोन दिवसांनी अलिबागला गेलो. डॉक्टरणीने कागद आणि आलेख समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. मग तिने विचारलं, सहा ते आठ आजोबा खरंच शांत बसले होते? मामांनी मान डोलावली. मी जमिनीकडे बघत होते. ती म्हणाली की मग मला हे काळजीचं वाटतंय. माणूस धावला, चिडला, ओझं उचललं, तर हृदय बिथरेल हे समजू शकतं. पण देवळात स्वस्थ बसलेला असताना दोन तास ठोके इतके भरभर आणि वेडेवाकडे पडत असतील, तर त्याचं कारण हृदयाच्या आतच असणार. मुंबईला जा, तिथे दाखल व्हा, आत तार घालून तपासून घेतील. तिने चिठ्ठी लिहायला घेतली.

मला वाटलं, आता बोलतील. आता तरी बोलतील. मामा म्हणाले, बरं, कधी जायचं?

परत येताना रिक्षात मी त्यांना जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षावाल्याने आरसा फिरवून घेतला. छातीत तार घालून घ्यायला तयार, पण पोपटी सोडायला तयार नाही! मामा खाडीकडे बघत बसले होते. शेवटी इतकंच म्हणाले, की तार घालतील आणि काढतील, चार दिवसांचा प्रश्न आहे.

नवऱ्याला फोन केला, त्याने सुट्टी टाकली. पिशवी भरली. मी दोनदा नवऱ्याला खरं सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. आणि गावात तोवर बातमी पसरली. देवळात बसल्या बसल्या म्हाताऱ्याचं हृदय बिथरलं! वार कोणता ते बातमीत नव्हतं आणि यंत्र मफलरखाली होतं, त्यामुळे पोपटीला आलेल्यांनाही शंका आली नाही. झालं, जो तो आपलं डोकं चालवू लागला. कोणी म्हणालं, देवीची जत्रा यंदा नीट झाली नाही. कोणी म्हणालं, गाभाऱ्याच्या फरश्या बदलल्या तेव्हा कौल घेतला नव्हता. एका म्हातारीने तर सांगून टाकलं की तिलाही तिथे बसलं की छातीत कसंतरी होतं. गेली वीस वर्षं ती रोज तिथे बसते. संध्याकाळी देवळात जाणाऱ्या बायका बाहेरूनच हात जोडून परतू लागल्या. गुरव बिचारा रडकुंडीला आला. त्याने ठरवलं, मामा मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी देवीला गाऱ्हाणं घालायचं.

गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढे नारळ ठेवून, गावाच्या वतीने मोठ्याने तिला साकडं घालायचं. एकेक वाक्य गुरवाने म्हणायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. सगळं गाव आलं. मामांना मधोमध उभं केलं. मी बायकांत भिंतीला टेकून उभी होते. गुरवाने सुरुवात केली, की हे आई, हे तुझं लेकरू तुझ्या पायाशी भक्तीने बसलं असता याच्या काळजाला धक्का बसला. व्हय महाराजा. तुझ्या या घरात काही चूकभूल झाली असेल, फरशीची असो, जत्रेची असो. व्हय महाराजा. ती तू पोटात घाल, आणि तुझ्या दारात बसणाऱ्यावर पुन्हा असा प्रसंग आणू नको.

‘व्हय महाराजा’ पुन्हा यायच्या आधीच मामा बोलले. देवीकडे बघून, गुरवाकडे नाही.

‘मी हितं नव्हतो. मी शेतात पोपटी लावत व्हतो.’

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं गावच. गुरव तर असा हसला की नारळ धरायला दुसरा माणूस लागला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. मामा तेवढे हसत नव्हते. त्यांना कळलं होतं की त्यांनी आता काय हातचं घालवलं. मला वाटत होतं, धावत जाऊन त्यांच्या पाया पडावं. पण मी त्यांना रागावत रागावत घरी घेऊन आले, कारण मला तेवढंच जमतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईऐवजी अलिबाग गाठलं आणि खरं काय ते सांगितलं. डॉक्टरीण आधी आमच्यावर चिडली, आणि चिडायलाच हवं होतं. मला म्हणाली, तुम्ही शिकलेल्या वाटता. मी ऐकून घेतलं. मग तिने मामांना विचारलं, पोपटी लावताना नेमकं काय करता? मामांनी उभं राहून, वाकून, डोळे मिटून वास घेऊन दाखवला. तिने कपाळाला हात लावला. आणि मग समजावून सांगितलं. ते मी तेव्हा जितकं समजले तितकं सांगते.

हृदयाला मेंदूकडून मज्जातंतू येतात. रक्त नेणाऱ्या शिरा वेगळ्या, हे निरोप नेणारे धागे. ते दोन तऱ्हेचे. एक हृदयाला पळवणारे, दुसरे त्याला आवरणारे. मला हे लगेच कळलं, कारण मी जन्मभर तेच करत आलेय. शिलाई मशीनचं पायडल पायाने मारायचं आणि वळणावर हाताने चाक धरायचं. पाय आणि हात यांचं जमलं तर गळा नीट येतो. पण पुढचं ऐकून मी चाट पडले. मला वाटायचं, हृदय एकसारखं टिकटिक करतं ते चांगलं. ती म्हणाली, नाही. श्वास आत घेतला की ठोके किंचित भरभर पडतात, सोडला की किंचित सावकाश, असा बारीक हेलकावा धडधाकट हृदयात कायम असतो. तो आवरणारा हात जागेवर असल्याची खूण. तो गेला आणि ठोके एकाच मापाने पळू लागले, की समजायचं, चाकावरचा हात सुटला.

आणि धुराने तो सुटतो. धुरातला जो भाग डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, तो जाडाभरडा. तो नाकाघशात अडकतो तरी. लबाड असतात ते बारीक कण, केसाच्या जाडीपुढेही नगण्य. ते कुठे अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना ते डिवचतात, ती मेंदूला कळवतात की काहीतरी बिनसलंय, आणि मेंदू आवरणारा हात सैल सोडून पळवणारा जोरात दाबतो. मधूनच एखादा ठोका आगाऊपणे घुसतो. तीच मामांची चिमणी. आणि ही काही पोपटीचीच करामत नाही. रस्त्यावरच्या ट्रेलरांचा धूर, जाळलेला कचरा, चूल, सगळ्यांत तेच बारीक कण. सगळा दोष धुराचाच असंही ती म्हणाली नाही. वय आहे, हृदय थोडं हळवं झालेलं आहे, आणि हळव्या हृदयाला धूर जास्त छळतो.

तिने यंत्र पुन्हा लावलं. या खेपेला मी मामांना दिवसभर वाऱ्याच्या बाजूला, रेवदंड्याला समुद्राकडच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं आणि कागदावर जे घडलं तेच लिहिलं. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आलेख आला तेव्हा तिने आम्हाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. पोपटीच्या दोन तासांची रेघ मशीनने मारलेल्या टाक्यांसारखी घट्ट, एकसारखी, आणि मध्ये मध्ये गुंता. कट्ट्यावरची रेघ हाताने घातलेल्या धावदोऱ्यासारखी, कुठे लांब, कुठे आखूड. एखाददुसरा आगाऊ ठोका होता, पण तेवढाच. मुंबईची चिठ्ठी तिने फाडली. एक गोळी दिली आणि सांगितलं, धूर बंद. शेकोटी नाही, कचरा नाही, पोपटी नाही. मामांनी विचारलं, तोंडाला फडकं बांधलं तर? ती म्हणाली, बारीक कणांना फडकं म्हणजे उघडं दार.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. फोन यायचे आणि मामा सांगायचे, पोपटीवाला मेला. मी ओरडले, असं बोलायचं नाही, तर त्यांना ऐकू आलं नाही. झोपाळा हलायचा बंद झाला होता. मामा त्यावर नुसते बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सल्लेही देईनात. मला माझ्या मशीनवरून ते दिसायचे आणि शिवण उसवावी लागायची. मी मनाशी म्हणायचे, तार घातली असती तरी चार दिवसांत सुटले असते, आता ह्यातून कसे सुटणार?

एक दिवस मी म्हटलं, मी लावते पोपटी. तुम्ही लांब बसून सांगा. ते इतक्या दिवसांनी हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. आमच्या आळीत पोपटी लावतात पुरुष. बायकांनी शेंगा निवडायच्या, मसाला चोळायचा आणि वाट बघायची. पण चार दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, मडकं आण. अट घातली की सगळं त्यांच्या पद्धतीने व्हायचं. मी माझी अट घातली की वास नाही, पाणी शिंपडून बघणार. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण मान्य केलं.

वालाचा हंगाम संपत आला होता. आळीतले सगळे जमले, काही मला बघायला, काही माझी फजिती बघायला. मामांची प्लास्टिकची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चांगली तीस पावलं लांब मांडली. पाला ठासून भर, पेंढा एका बाजूला जास्त झाला, अगं ते काय करतेस, असं तिथून चालू होतं. मी उलट उत्तरं देत होते. लोकांची करमणूक झाली. जाळ पेटला, चांगला धडधडला, आणि मामांचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत झाला. मला फार बरं वाटलं.

अर्ध्या तासाने वारा फिरला. संध्याकाळी आमच्याकडे फिरतोच. सगळा धूर माझ्या अंगावर आला. मी पाणी शिंपडलं, थेंब रेंगाळले, अजून वेळ होता. बाजूला झाले असते तर मागचा जाळ कोण बघणार? डोळे पुसत उभी राहिले. पुन्हा शिंपडलं. मामा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता राहवत नाही म्हाताऱ्याला, येतोय वास घ्यायला. मी ओरडायची तयारी केली. पण ते धुरात आले नाहीत. लांबून वळसा घालून, धूर नव्हता त्या बाजूने माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

‘बाय, बाजूला हो.’

मी म्हटलं, पाच मिनिटं, नाहीतर एका अंगाने करपेल.

‘करपू दे. रोज पहाटे माझ्या अंघोळीच्या पाण्याला तू चूल फुंकतेस. तीस वर्षं झाली. यंत्र माझ्या छातीला लावलं. तुझ्या छातीत काय चाललंय ते कोणी बघितलं न्हाय. मी पण न्हाय.’

मी धुरातून बाहेर आले आणि बांधावर बसले. आळीतल्या दोघांनी काठ्यांनी जाळ काढला. मडकं उघडलं तर एका बाजूच्या शेंगा काळ्या कोळसा. त्यांच्या घराण्यात करपलेली पहिली पोपटी. मामांनी त्याच बाजूच्या शेंगा आपल्या पानावर घेतल्या आणि गप्पा मारत खाल्ल्या. मी रडत होते, पण सगळ्यांचेच डोळे धुराने लाल झाले होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागीलदारी गेले तर चुलीतली लाकडं गायब. मामा झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी उन्हाने आपोआप तापतं, मी तेव्हा करीन अंघोळ. अंघोळीशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मी म्हटलं, नेम मोडा, चहा घ्या. ऐकू आलं नाही. मी भांडले, नंतर गॅसवर पाणी तापवून आणलं, तर म्हणाले, तो पण जाळच. सकाळभर चहावाचून तसेच बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देत. मीही मशीनवर बिनचहाची तशीच बसून राहिले. बारा वाजता ते अंघोळ करून आले आणि मग आम्ही दोघांनी चहा घेतला.